काय कमी आहे

सकाळी साडेसातला मी बाबांच्या हातचं सूप बेसिनमध्ये थुंकले. मुद्दाम नव्हे, रागानं तर मुळीच नव्हे. मी बुटाचे बंद बांधायला वाकले होते, उठले तर तोंडासमोर चमचा, चमच्याखाली थेंब सांडू नये म्हणून धरलेला बाबांचा तळहात, आणि तोंड आपसूक उघडलं. पुढचं सगळं तोंडानंच केलं. सूप जिभेवर घेतलं, टाळूला लावलं, दोन्ही गालांत एकदा फिरवलं, नाकानं श्वास सोडला, आणि तीन पावलांवरच्या बेसिनपाशी जाऊन ते नीट, आवाज न करता थुंकून टाकलं. चूळ भरली. वळून पाहते तर बाबा रिकामा चमचा तसाच धरून उभे. "काय कमी आहे?" त्यांनी विचारलं, पण नेहमीसारखं नाही, जरा दबकत. मला सात चाळीसची बस गाठायची होती, पोटात साडेअकरा तास काही नव्हतं आणि अजून साडेचार तास काही जाणार नव्हतं. मी म्हणाले, "काही कमी नाही हो बाबा! माझी वेळ झालेली नाही, किती वेळा सांगू?" आणि दार ओढून घेतलं. जिना उतरताना लक्षात आलं की माझा एक बंद सुटलेलाच आहे.

बसमध्ये उभी राहून मी स्वतःला समजावत होते की यात एवढं काही नाही. थुंकणं हा माझा धंदा आहे. मी एका कारखान्यात पाकिटातल्या सुपाची चव घेते, एकोणीस वर्षं घेते आहे, आणि या एकोणीस वर्षांत त्यांचं एक चमचाभर सूपही मी पोटात जाऊ दिलेलं नाही. लोकांना वाटतं काय मजा आहे, दिवसभर खायला मिळतं! कसलं खायला? सकाळी दहाला आम्हां सहा जणांना सहा खोक्यांत बसवतात. मधे भिंती, वर लाल दिवा, म्हणजे सुपाचा रंग कळू नये. समोरची छोटी झडप उघडते, तिच्यातून आकडे टाकलेले कागदी कप येतात. तोंडात घ्यायचं, फिरवायचं, थुंकायचं, कोमट पाण्यानं चूळ भरायची आणि तक्त्यावर एक ते नऊमधला आकडा लिहायचा. गिळायचं नाही, कारण गिळलेलं सूप घशात रेंगाळतं आणि पुढच्या कपावर अन्याय होतो. चेहराही करायचा नाही. भिंती असल्या तरी पॅनेलची प्रमुख मागून फेऱ्या मारत असते, आणि कुणी जरा नाक मुरडलं की म्हणते, "चेहरा घरी ठेवून यायचा." मी इतकी वर्षं तो घरी ठेवून आले. मात्र संध्याकाळी परत गेल्यावर तो पुन्हा घालायचा असतो, हे हल्ली कुठेतरी सुटलं होतं.

त्यात हा उपास. हा शब्दसुद्धा मला नको झाला आहे. डॉक्टरीणबाई त्याला उपास म्हणत नाहीत, खाण्याची खिडकी म्हणतात. साखर काठावर आली होती, रिपोर्टातला आकडा त्यांनी लाल पेनानं गोल करून माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाल्या, चोवीसांतले आठ तास खायचं, सोळा तास काही नाही. मी बारा ते आठ ठरवलं. ते मला सोपं वाटलं, कारण कामामुळे सकाळचा चहा मी तसाही घेत नसे. तोंडात सुपाचा कप गेला तर मोडतं का, हेही विचारून घेतलं. त्या हसल्या. "थुंकत असाल तर चालेल." तर अशा रीतीनं थुंकण्याला डॉक्टरी मान्यता मिळाली आणि मी लागले कामाला. पाच महिने झाले. आकडा खाली आला आहे, खोटं कशाला बोलू. पण या पाच महिन्यांत जगातला एक माणूस असा भेटला नाही ज्याला या विषयातलं माझ्यापेक्षा जास्त कळत नव्हतं. पॅकिंगमधली बाई रोज विचारते, "अजून सुरूच का?" जणू मला कावीळ झाली आहे. तिच्या बहिणीचे यानं केस गेले, तिच्या शेजाऱ्याला चक्कर आली, तिच्या कुणा नातलगानं वीस किलो उतरवले आणि पुन्हा बावीस चढवले. ऐकून ऐकून कान किटले. आणि सगळ्यांना कुतूहल कशाचं, तर न खाण्याचं. खायचं काय, हे कोणी विचारत नाही.

खरी कटकट तर तिथंच आहे. सोळा तास उपाशी राहायला अक्कल लागत नाही, तोंड मिटून बसलं की झालं. आठ तास चांगलं खायचं म्हणजे मात्र चोवीस तास त्याच विचारात राहायचं. आहारतज्ज्ञानं मला एक तक्ता दिला आहे. कामावर तक्ते भरून पोट भरलं नव्हतं म्हणून हा दुसरा. अर्धं ताट भाज्या, पाव ताट कडधान्य किंवा अंडी, मुठीएवढा भात नाहीतर भाकरी, मूठभर दाणे, वाटीभर दही. उपास सुटतानाचा पहिला घास गोड नको, पिठूळ नको, आधी काकडी चावायची. बाराला घंटा झाल्यासारखी मी डबा उघडते, काकडी चावते, उकडलेली दोन अंडी सोलते, मसूर मोजून घेते, आणि समोर घड्याळ ठेवून वीस मिनिटं चावत बसते. चारला दाणे. सातला पुन्हा तेच, आठच्या आत ताट धुऊन पालथं. अन्न उत्तम, ताजं, समतोल, एका गोष्टीला नाव ठेवायला जागा नाही. आणि चव घेण्याचा पगार मिळवणाऱ्या मला या पाच महिन्यांत मी काय खाल्लं ते आठवत नाही. फक्त किती खाल्लं ते आठवतं.

बाबांचं तसं नव्हतं. बाबा चौतीस वर्षं इस्पितळाच्या स्वयंपाकघरात होते. दोनशे रोग्यांचं सूप. मोठ्या पातेल्याशी स्टुलावर चढून ते मीठ घालायचे, मोजमाप काही नाही, मुठीतून सोडायचे आणि मूठ कधी मिटायची ते मुठीला माहीत. सकाळी साडेसातला पातेलं तयार झालं की पहिलं वाडगं स्वयंपाक्याचं, हा तिथला नियम. तोच नियम त्यांनी घरी आणला, म्हणून आमच्या घरात लोक चहा घेतात त्या वेळेला सूप आणि पाव असायचा. सुट्टीच्या दिवशी ते मला बरोबर न्यायचे. मी सात-आठ वर्षांची असेन. वाफेनं भिंतींना घाम आलेला, पायाखाली ओली फरशी, आणि बाबा लांब दांड्याच्या डावातून चमच्यात घेऊन, तीनदा फुंकर मारून, तळहात खाली धरून चमचा माझ्या तोंडाशी आणायचे. कसं झालंय, असं त्यांनी कधीच विचारलं नाही. ते म्हणत, कसं झालंय विचारलं की माणूस खोटं बोलतो. "काय कमी आहे?" एवढंच. उत्तर एका शब्दात द्यायचं. मीठ. आंबट. कधी मी म्हणायचे, "पाच मिनिटं," म्हणजे अजून शिजायला हवं, आणि ते बाकीच्या स्वयंपाक्यांकडे वळून म्हणायचे, "बघा, साहेब काय म्हणतात!" पुढे या नोकरीच्या परीक्षेला आठ पेले पाणी ठेवलं होतं, त्यांतल्या एकात चिमटीतली चिमूट मीठ. मी तिसऱ्या पेल्यालाच तो उचलून दाखवला. माझी जीभ त्यांनी घडवली आहे. आई गेल्यावर मी माझी भाड्याची खोली सोडून त्यांच्याकडे राहायला आले, तेव्हा आमच्यात बोलण्यासारखं फारसं काही उरलं नव्हतं, पण साडेसातचं वाडगं होतं. समोरासमोर बसून ते खायचं. ते माझ्याकडे बघत राहायचे, आणि मी म्हणायचे, काय बघताय एवढं, खा की.

मग मी ती वेळ बंद केली. पहिल्या दिवशी नीट समजावून सांगितलं, ते मान हलवत राहिले. दुसऱ्या दिवशी पुन्हा चमचा. "आता नाही बाबा, बारानंतर." "बारानंतर तू कामावर." "मग संध्याकाळी." पण संध्याकाळी माझं मोजलेलं ताट सातला, आणि त्यांचं जेवण नऊला, इस्पितळाची दुसरी पाळी सुटायची तेव्हापासून नऊला. माझ्या ताटातलं बेचव उकडलेलं त्यांना बघवत नसे आणि त्यांचं सूप, पाव, लोणी माझ्या तक्त्यात बसत नसे. मी म्हटलं होतं, मी माझं करते, तुम्ही तुमचं करा. मोठी समजूतदार व्यवस्था केली असं मला वाटलं होतं. तरी रोज साडेसातला चमचा यायचाच. "चव बघ." रोज. मला वाटायचं हा हट्ट आहे, लेकीचं काही चालू द्यायचं नाही असा म्हाताऱ्या माणसाचा हट्ट, आणि डोक्यात तिडीक जायची. आणखीही बारीकसारीक गोष्टींनी जायची. ते हल्ली चपलेचा पट्टा कापून घालत होते, चांगल्या नव्या चपलेचा. मी ओरडले तर म्हणाले, चावते. सारखं पाणी पीत होते आणि सारखे बाथरूमला जात होते. मिठाची बरणी महिन्यात दोनदा भरावी लागली, तेव्हा मी म्हटलं होतं, "बाबा, इस्पितळ सुटलं, आता दोनशे माणसं नाहीत." ते हसलेसुद्धा नाहीत. या सगळ्या गोष्टी मी पाहिल्या होत्या. एकेकटीचा मनसोक्त वैतागही करून घेतला होता.

दहाला खोक्यात बसले. भूक होती, पण ती या वेळेला नेहमीच असते आणि जिभेला धार लावते. पहिला कप, दुसरा कप, टोमॅटोचं नवं मिश्रण, गोडी जरा पुढे येते आहे, सहा. तिसऱ्या कपात सापळा होता. आळशी जीभ पकडायला प्रमुखबाई सहांतला एखादा कप मुद्दाम बिघडवून पाठवते, त्याला आम्ही सापळा म्हणतो. या कपात तिप्पट मीठ. असलं तोंडात धरवत नाही, जिभेच्या कडा आक्रसतात. थुंकायच्या आधीच मी तोंड निर्विकार ठेवून 'मीठ' पुढे नऊ लिहिलं, आणि नवाचं शेपूट काढता काढता हात थांबला. कारण माझी जीभ म्हणत होती की आज हे दुसऱ्यांदा. सकाळचं यापेक्षा खारट होतं. साडेसातला, बेसिनशी, तिनं तेव्हाच बिनचूक नोंद केली होती, पण तिथं लाल दिवा नव्हता, तक्ता नव्हता, आणि तिचं ऐकायला मी जागेवर नव्हते. बाबांच्या मागे टेबलावर त्यांचं वाडगं होतं. अर्धं संपलेलं. ते त्यातलं अर्धं सूप शांतपणे खाऊन मग चमचा घेऊन माझ्याकडे आले होते. मुठीतून मीठ सोडणारा माणूस, ज्याच्या पातेल्यात चौतीस वर्षांत कुणी चिमूट वर घातली नाही, तो समुद्राचं पाणी प्यावं तसलं ते खात बसला होता आणि मला विचारत होता, काय कमी आहे. आणि मी काय सांगितलं? काही कमी नाही. मी, एकोणीस वर्षं पगार घेऊन खरं सांगणारी. कापलेला पट्टा, पाणी, बरणी, सगळं एकदम समोर आलं आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. तोंडातलं सूप कधीच खाली उतरलं होतं.

"गिळलंस?" प्रमुखबाई मागेच उभी होती. तिला कसं कळतं देव जाणे, गळ्याची हालचाल पाहते म्हणतात. "गिळलं," मी म्हणाले, "मला घरी जायचंय." "अजून तीन कप आहेत." "ते दुसऱ्या कुणाला द्या. वडील आजारी आहेत." "आज सकाळी पडले का आजारी?" तिनं विचारलं. खोचक नव्हतं ते, साधंच होतं. पाच महिन्यांपूर्वी, असं म्हणणार होते. त्याऐवजी घरी फोन लावला. वाजत राहिला. बाबा फोन चार्जिंगला लावून दुसऱ्या खोलीत विसरतात, यावरही आमची भांडणं झाली आहेत. साडेबाराला ते जेवायला बसतात, मिनिट इकडचं तिकडे नाही, आणि जेवायला सकाळचंच सूप असतं. बस मिळाली तर ती प्रत्येक थांब्यावर रेंगाळणारी. पुढच्या बाकावर एक गृहस्थ फोनवर कुणाला तरी कलिंगड कसं निवडावं ते समजावत होते आणि मला वाटलं उठून त्यांचा फोन खिडकीबाहेर टाकावा. बारा वाजले. माझी खाण्याची खिडकी उघडली होती. डबा पिशवीत होता, काकडी डब्यात होती. मला भूक नव्हती.

घरात शिरले तेव्हा बारा चाळीस झाले होते. बाबा टेबलाशी. पातेलं समोर, तळ दिसत होता. दुसरं वाडगं अर्ध्यावर. त्यांनी मान वर केली. "आज लवकर?"

"बाबा, खाऊ नका ते."

"का? तूच म्हणालीस, काही कमी नाही."

मी वाडगं ओढून घेतलं. त्यांनी धरून ठेवलं नाही. टेबलाखाली मी पहिल्यांदा त्यांचे पाय नीट पाहिले. घोट्यापाशी मोज्याच्या रबराचा खोल वण, त्याच्यावर पाय पावासारखा फुगलेला. मी बोट टेकलं तर खड्डा पडला आणि तसाच राहिला.

"कधीपासून कळत नाही चव?" मी विचारलं. ते पावाचा तुकडा मोडू लागले.

"वर्ष होईल. तो ताप आला होता ना, तेव्हापासून. आधी वास गेला. मग हळूहळू हेही."

"आणि बोलला नाहीत? वर्षभर? मी काय करते कामाला माहीत आहे ना तुम्हाला?"

"माहीत आहे. म्हणून तर." त्यांनी तुकडा वाडग्याच्या जागी ठेवला, वाडगं नव्हतं तरी. "आधी अडत नव्हतं काही. तू समोर बसायचीस. पहिला घास घेतलास की तुझ्या तोंडाकडे बघून कळायचं. मीठ जास्त झालं की तुझी डावी भुवई वर जाते, लहानपणापासून. कमी असलं की ओठ असे होतात. बघून ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी हात सुधारायचा. मग तुझं ते खिडकी का काय सुरू झालं. घालत गेलो अंदाजानं. काहीच लागत नाही म्हणून अजून घालायचो. आज बघितलं तुझ्याकडे, तर काहीच नाही. थुंकलीस, पण चेहरा कोरा."

मला त्यांचा भयंकर राग आला. आणि माझा स्वतःचा आला त्याला माप नव्हतं. रोज सकाळी हा माणूस चमचा पुढे करून मदत मागत होता आणि मी त्याला वेळापत्रक सांगत होते. मी उरलेलं सूप मोरीत ओतलं, डॉक्टरीणबाईंना फोन केला आणि पाचची वेळ घेतली.

त्यांनी बाबांचा रक्तदाब दोनदा मोजला, दुसऱ्यांदा ओठ आवळून. गोळ्या लिहिल्या, तपासण्या लिहिल्या, नाकाघशाच्या डॉक्टरांना चिठ्ठी दिली. आणखी दोन-तीन महिने असंच चाललं असतं तर मूत्रपिंडावर आलं असतं, म्हणाल्या. मग विचारलं, "घरी मीठ कोण घालतं?" "आजपासून मी," मी म्हणाले. "पण हे सकाळी साडेसातला जेवतात आणि माझी खिडकी बाराला उघडते." "मग हलवा की खिडकी," त्या सहज म्हणाल्या, चिठ्ठीवर सही करता करता. "साडेसात ते साडेतीन करा. उलट बरंच आहे ते." मी म्हणाले, "पण तुम्हीच तर बारा ते आठ..." "मी आठ तास सांगितले. बारा तुम्ही सांगितलेत." बाबा शेजारी खुर्चीत बसून छताकडे बघत होते आणि मला स्पष्ट दिसत होतं की ते हसू दाबतायत. कपाळावर हात मारून घ्यावा असं वाटलं. पाच महिने, एकशे पन्नास चमचे, आणि एक साधी खिडकी हलवता येते हे विचारायचं मला सुचलं नाही. बाहेर आल्यावर मी म्हटलं, रात्री नऊला मी समोर बसेन, पाणी पीत. "नुसतं पाणी पीत माझ्याकडे बघत बसणार?" ते म्हणाले. "मला घास जाईल का?" "गेला पाहिजे," मी म्हणाले.

आज सकाळी त्यांनी मीठ न घालता सूप केलं. मसूर, गाजर, पालेभाजी, वरून अंडं फोडून सोडलेलं. माझा तक्ता चुलीशेजारी चिकटवून, त्यातलं एकेक नाव वाचून नाक मुरडत त्यांनी ते केलं होतं. मिठाची बरणी काल रात्रीच मी वरच्या फळीवर ठेवली होती, ती त्यांनी स्टुलावर चढून काढली, यावरून पहिलं भांडण झालं. साडेसात वाजले. ते समोर बसले नाहीत, उभे राहिले, तळहात खाली धरून, तीनदा फुंकर मारून. मी तोंड उघडलं. गरम होतं, मऊ, गाजराची गोडी आधी आली, मागून मसुराचा मातकट जाडपणा, आणि मग जिथं काहीतरी यायला हवं तिथं मोकळी जागा. जीभ तिच्या सवयीनं बेसिनकडे निघाली होती. मी तिला थांबवलं आणि घोट खाली जाऊ दिला. पोटापर्यंत गेलेला कळला. शब्द काय द्यायचा ते मी शोधत होते, इतक्यात बाबा बरणीकडे वळले, दोन बोटांत चिमूट घेतली आणि माझ्याकडे बघत, मूठ नव्हे, चिमूट, पातेल्यावर धरली.

"मी अजून बोलले कुठे?" मी म्हणाले.

"बोललीस की," ते म्हणाले, आणि मीठ सोडलं.